सण आपला, बेट दुसऱ्याचे

स्वीडनमध्ये उन्हाळा जेमतेम तीन महिन्यांचा पाहुणा. तो आला, की कित्येक कुटुंबे शिडाच्या होड्या घेऊन स्टॉकहोमजवळच्या हजारो लहान-मोठ्या बेटांकडे निघतात. बाल्टिक समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. मागे नांगर टाकायचा, पुढचा दोर खडकाला बांधायचा, की झाला मुक्काम!

१९ ते २५ जूनमधल्या शुक्रवारी मिडसमरचा सण. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे पानाफुलांनी सजवलेल्या खांबाभोवती फेर धरतात. हेरिंग मासे, नवे बटाटे, स्ट्रॉबेरी असा बेत. ऑगस्टमध्ये कागदी कंदिलांखाली मित्रमंडळींची क्रेफिशची मेजवानी.

बेट दुसऱ्याच्या मालकीचे असले, तरी त्याच्या घरापासून दूर एखादी रात्र राहण्याची मुभा सर्वांना आहे. या जुन्या रिवाजाला १९९४ मध्ये राज्यघटनेतही स्थान मिळाले. पण बंधनेही आहेत. पक्ष्यांच्या विणीसाठी राखलेल्या बेटांवर त्या काळात उतरायचे नाही, उघड्या खडकावर शेकोटी पेटवायची नाही, कचरा बरोबर न्यायचा. २०१५ पासून सहलीच्या होड्यांतला मैला समुद्रात सोडण्यासही बंदी आहे.

सण आटोपल्यावर खडकावर मागे काहीच उरले नाही, तरच पुढच्या उन्हाळ्यात तिथे दोर बांधायला तोंड राहते!