औषध टाकणारा मनुष्य

मार्गशीर्षांत शेतें मोकळीं होऊं लागलीं, कीं बाभुळगांवचे उंदीर घरांचा आश्रय घेतात आणि गृहस्थ औषध टाकणारा शोधूं लागतो. त्यास दर विचारण्यापूर्वीं परवाना विचारावा, असें आम्ही सुचवितों. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालीं या धंद्यास तो लागतो. धान्याच्या किडीवरील अॅल्युमिनियम फॉस्फाईडची गोळी हवेंतील ओलाव्यानें प्राणघातक फॉस्फीन वायु सोडते. २०१७ सालीं आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषध फवारतांना सुमारें २० शेतकरी-शेतमजूर विषबाधेनें दगावले, तेही उघड्या रानांत! मग थंडीमुळें दारें-खिडक्या मिटलेल्या माजघरांत, तान्ह्या मुलांशेजारीं, शेतांतलें औषध कसें चालेल? औषध कोणतें व घर किती वेळ रिकामें ठेवावें, हें ज्यास सांगतां येत नाहीं, त्यास उंबरठ्यावरूनच परत पाठवावें.