केसांचे 'पॅकेज'

भारतवारीच्या तीन आठवड्यांत लग्नकार्य, दात आणि हल्ली केसही 'उरकून' येणाऱ्यांसाठी हे चार शब्द. केशरोपणात नवा केस निर्माण होत नाही. डोक्यामागचा पुढे येतो, एवढेच. जागा बदलली तरी तो केस आपला गुण सोडत नाही, हे नॉर्मन ओरेन्ट्राइख यांनी १९५९ सालीच मांडले. पण मागचा साठा मर्यादित, आणि पुढचे मूळचे केस गळतच राहतात. पंचविशीत शाळकरी पोरासारखे कपाळ आखून घेतले, तर पन्नाशीत टाळूसाठी उरणार काय? 'इतके हजार ग्राफ्ट' हा भाव झाला, नियोजन नव्हे. यूट्यूब पाहणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे, असे भारताच्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाला २०२२ साली बजावावे लागले! तेव्हा सवलत नंतर विचारा. आधी विचारा: छिद्रे कोण पाडणार, डॉक्टर की मदतनीस?