मुहूर्त सर्वांस एक नसतो

संपादक महाशय,


समाजमाध्यमांवर मजकूर टाकण्यास रात्री नऊचा समय सर्वोत्तम, असा जो निर्वाळा गतांकातील लेखकांनी दिला आहे, तो पुण्याच्या घड्याळापुरता कदाचित ग्राह्य धरता येईल. परंतु त्याच क्षणी, उन्हाळ्यात, लंडनचा मराठी माणूस दुपारी साडेचारला आणि न्यू जर्सीचा सकाळी साडेअकराला कचेरीत कामात गढलेला असतो, याचा त्यांस विसर पडलेला दिसतो. शिवाय इन्स्टाग्रामने २०१६ साली निव्वळ कालक्रम सोडून वाचकाच्या अभिरुचीनुसार मांडणी आरंभिल्यापासून वेळेची मातब्बरी पुष्कळ उतरली आहे. (पंचांगवाल्यांनी राग मानू नये!) तेथील व्यावसायिक खात्याच्या दप्तरी आपले वाचक कोणत्या प्रहरी हजर असतात याची नोंद मिळते, लेखकमहाशयांनी ती आधी तपासावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक