मृत्युपत्र : स्वहस्ते की वकीलहस्ते?

मराठी माणूस घरच्या लग्नाची पत्रिका स्वतः लिहितो. छापखानेवाल्याचा तयार मजकूर त्याला पटत नाही. त्यात आत्याचं नाव मामाच्या वर गेलेलं असतं. सोसायटीच्या सेक्रेटरीला द्यायचं गळक्या पाइपाचं तक्रारपत्र तर तो तीन-तीन खर्डे करून लिहितो आणि चौथा फाडतो. पण मृत्युपत्र म्हटलं की या लेखणीबहाद्दराचा हात एकदम लुळा पडतो. "छे छे, ते वकिलाचं काम!" मग वकिलाकडे जायचं कधी? दिवाळीनंतर. दिवाळी झाली की धाकटीची परीक्षा, परीक्षा झाली की आंबे, आंबे झाले की पाऊस. खारघरच्या पावसात वकिलाकडेच काय, कोपऱ्यावर भाजीला जायचंही कुणाच्या मनात येत नाही. असं करता करता एके दिवशी त्या गृहस्थाऐवजी त्याची मंडळी आमच्या काउंटरवर येतात.

मी बँकेत लिपिक आहे. बी.कॉम. झालो तेव्हा वाटलं होतं, माणसांचे नफे-तोटे बघत आयुष्य जाईल. प्रत्यक्षात माणसं गेल्यावर राहिलेले हिशेब बघण्यातच निम्मं गेलं. त्या अनुभवावर माझं एक ठाम मत बनलंय आणि ते मी उत्सव चौकापासून सेंट्रल पार्कपर्यंत चालता चालता कुणाशीही भांडून सिद्ध करायला तयार आहे. एक फ्लॅट, चार मुदत ठेवी, पीएफ आणि थोडं सोनं एवढीच ज्याची दौलत, त्याने आपलं मृत्युपत्र आपण लिहावं. मराठीत लिहावं. आणि येत्या रविवारी लिहावं.

मध्यंतरी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये 'वारसा नियोजन' या विषयावर बोलायला एक टायवाले गृहस्थ आले होते. त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत आम्हा सगळ्यांना मारलं, पुढच्या दहा मिनिटांत आमच्या मुलांना एकमेकांविरुद्ध कोर्टात उभं केलं आणि मग चहा-वडा फिरत असताना फी सांगितली. चौथ्या मजल्यावरचे काका माझ्या कानाशी लागून म्हणाले, "एवढे तुला दिल्यावर मागे ठेवायला काय उरणार रे बाबा?" नमुना म्हणून जे मृत्युपत्र दाखवलं ते सतरा पानांचं, इंग्रजीत. काकांनी चष्मा पुसून ते सगळं चाळलं आणि विचारलं, "यात बायकोचं नाव कुठे असतं?" ते अकराव्या पानावर होतं. पहिली दहा पानं नुसती प्रस्तावना!

आता कायदा काय मागतो ते बघा. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५, कलम ६३. तुम्ही सही करायची, दोन साक्षीदारांच्या समोर, आणि त्यांनी तुमच्या समोर. संपलं. स्टॅम्पपेपर नको, नोटरी नको, इंग्रजी नको. १९०८ च्या नोंदणी कायद्याने नोंदणीसुद्धा ऐच्छिक ठेवली आहे. केलीत तर उत्तम, पनवेलला जाऊन या. साक्षीदाराने मजकूर वाचायचीही गरज नाही. अर्थात सहीला बोलावलेला शेजारी मजकूर न वाचता परत जाईल हे कायद्याला मान्य असलं तरी मानवी स्वभावाला मान्य नाही. त्याच्या डाव्या हातात पोह्यांची बशी द्यावी, म्हणजे पान उलटायला हात मोकळा राहत नाही.

याहून कमीत भागवणारे लोकही जगात झाले. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात १९४८ साली एक शेतकरी स्वतःच्याच ट्रॅक्टरखाली अडकला. त्याने खिशातल्या चाकूने मडगार्डवर कोरून ठेवलं की मी गेलो तर सगळं बायकोचं. कोर्टाने ते मडगार्ड मृत्युपत्र म्हणून मान्य केलं. आपल्याकडे ते चाललं नसतं, दोन साक्षीदार लागले असते. पण दोन साक्षीदार हजर असते तर त्यांनी आधी ट्रॅक्टर उचलला असता.

यावर आमच्या सोसायटीतले वकीलसाहेब (माणूस चांगला आहे, पार्किंगवरून कधी भांडत नाही) नेहमी आल्फ्रेड नोबेलला पुढे करतात. नोबेलने १८९५ मध्ये वकिलाला न विचारता मृत्युपत्र लिहिलं, १८९६ मध्ये तो वारला, आणि व्यवस्थापकांना इतका घाम फुटला की पहिली पारितोषिकं १९०१ मध्ये वाटली गेली. कबूल. पण त्याने आपली बहुतेक संपत्ती अस्तित्वातच नसलेल्या निधीला ठेवली होती. आपल्याला पारितोषिकं वाटायची आहेत का? आपल्याला सेक्टर बारामधला टू बीएचके बायकोला द्यायचा आहे. त्यासाठी चार ओळी पुरतात.

पण त्या चार ओळी अशा हव्यात की बँकेत चालतील, आणि इथे मला सतरा पानांपेक्षा जास्त कळतं असा माझा नम्र दावा आहे. पैसे घेऊन लिहिणारा माणूस काटेकोरपणा दाखवण्यासाठी प्रत्येक मुदत ठेवीचा पावती क्रमांक घालतो. वर्षाने ठेवीचं नूतनीकरण होतं, नवी पावती, नवा क्रमांक. दहा वर्षांनी मृत्युपत्र उघडलं की त्यातली एकही पावती जगात नसते, आणि जगात असलेली एकही मृत्युपत्रात नसते. मग पोरं काउंटरवर कागद आपटून म्हणतात, "साहेब, बाबांनी लिहून ठेवलंय!" बाबांनी लिहून ठेवलेलं असतं, पण कुठल्या तरी दुसऱ्याच ठेवीबद्दल. त्यापेक्षा 'माझ्या नावावर कोणत्याही बँकेत असतील त्या सर्व ठेवी' असं लिहावं, आणि शेवटी 'याखेरीज माझं जे काही निघेल ते सर्व अमक्याला' ही ओळ घालावी. ही ओळ म्हणजे भाजीवरची कोथिंबीर नव्हे, ती भाजीच आहे. तसंच 'माझा प्लॉट, माझी जमीन' असं ऐटीत लिहू नये. आपल्या बिल्डिंगखालची जमीन मूळची सिडकोची, साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याची. 'फ्लॅटमधील माझा हिस्सा व माझे सर्व हक्क' म्हणावं. फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर तिचा हिस्सा तिलाच दान करण्याचा मोठेपणा करू नये.

"पण आम्ही नॉमिनी लावलाय ना!" हे वाक्य मी दिवसातून किमान एकदा ऐकतो. आता तर १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीला चार नॉमिनी लावता येतात, त्यामुळे गैरसमज चौपट झाला आहे. नॉमिनी म्हणजे बँकेने ज्याच्या हातात पैसे ठेवून मोकळं व्हायचं तो माणूस. तो मालक होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने विम्याबाबत हे १९८३ मध्ये सांगितलं, आणि शेअर्स-म्युच्युअल फंडांबाबत डिसेंबर २०२३ मध्ये. हा दुसरा खटला कुणाच्या घरातला, माहीत आहे? ज्यांच्या कालनिर्णयावर आपण दुधाचा हिशेब लिहिला, त्या जयंतराव साळगावकरांच्या. त्यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केलं होतं, २०१३ मध्ये ते गेले, आणि गुंतवणुकीला नॉमिनी म्हणून लावलेल्यांचा हक्क मोठा की वारसांचा, यावर निकाल यायला दहा वर्षं गेली. ज्यांनी महाराष्ट्राला प्रत्येक गोष्टीचा मुहूर्त काढून दिला त्यांच्या घरी ही गोष्ट, तर आपली काय कथा? तुमचे नॉमिनी कोण हे वकिलाला ठाऊक नसतं, तुमच्या पासबुकाला असतं. ते पुढ्यात घेऊन बसा आणि दोन्हीकडची नावं जुळवा.

आणि मृत्युपत्रच नसेल तर? "सगळं आपोआप बायकोला जातं" या श्रद्धेवर निम्मं खारघर निर्धास्त झोपलेलं आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात बायको, मुलं आणि आई यांना सारखे वाटे. घरात म्हातारी आई आणि दोन मुलं असतील तर तुमच्या हिश्शातला चौथा भाग बायकोचा. हे गणित काउंटरच्या जाळीतून एखाद्या बाईला समजावून सांगताना माझी जीभ जड होते.

बायकांच्या बाबतीत तर हा कायदा आणखी अजब. नारायणी देवी नावाच्या बाईंचा नवरा लग्नानंतर तीन महिन्यांत गेला. सासरच्यांनी त्यांना घराबाहेर काढलं. माहेरी राहून त्या शिकल्या, नोकरी केली, पै-पै साठवली आणि १९९६ मध्ये मृत्युपत्र न करता वारल्या. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती सगळी कमाई दिली कुणाला? नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना. मूलबाळ नसलेल्या विधवेचे वारस म्हणून कायदा तिच्या आईबापाच्या आधी नवऱ्याची माणसं धरतो, न्यायाधीश काय करणार? त्या बाईंना सतरा पानं नको होती हो. वहीतलं एक पान आणि दोन सह्या. आपल्या ताया, आत्या, ऑफिसातल्या मॅडम, ज्यांचं स्वतःचं खातं आहे त्या सगळ्यांना हे एकदा वाचून दाखवा.

वकिलाला पैसे कधी द्यावेत तेही सांगतो, नाही तर वकीलसाहेब पार्किंगवरून भांडायला लागतील. बेलपाडा, कोपरा, ओवे इथल्या मूळ गावकऱ्यांनी ते जरूर द्यावेत. त्यांच्याकडे साडेबारा टक्क्यांचे भूखंड आहेत. त्या जमिनीच्या मोबदल्यासाठी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबारात पाच माणसं गेली, ती चार ओळींत उरकण्याची वस्तू नव्हे. वडिलोपार्जित जमीन, सातबाऱ्यावर तीन पिढ्यांची नावं, लग्न होऊन गेलेल्या बहिणींचे हिस्से. आपलं किती आणि दुसऱ्याचं किती हेच ठरवायला तिथे जाणता माणूस लागतो. दुसरं लग्न असेल, मूल कायम सांभाळावं लागणारं असेल, तरीही जावं. मुंबईत मालमत्ता असेल तर प्रोबेटचं विचारून घ्यावं. वाशीच्या खाडीपलीकडे त्याची सक्ती वर्षानुवर्षं होती, २०२५ मध्ये संसदेने ते कलमच वगळलं. पण आमच्यासारख्या हप्ते फेडून घरमालक झालेल्यांनी पन्नास रुपयांच्या कुलपाला पाच हजारांचा पहारेकरी कशाला ठेवावा?

लिहून झाल्यावर कागद कुठे ठेवायचा हेही महत्त्वाचं. पुष्कळ थोर लोक तो बँकेच्या लॉकरमध्ये ठेवतात. लॉकर कोणी उघडायचा हे मृत्युपत्रात, आणि मृत्युपत्र लॉकरमध्ये!

चौथ्या मजल्यावरच्या काकांनी गेल्या महिन्यात आपलं लिहिलं. वळणदार अक्षरात, दीड पान. साक्षीदारांचा जरा प्रश्न पडला. संध्याकाळच्या कट्ट्यावर काकाच वयाने सगळ्यात लहान, आणि साक्षीदार आपल्यामागे राहणारा हवा. शेवटी खालच्या जिममधून दोन पोरांना घाम पुसत वर आणलं. त्यातल्या एकाने भाबडेपणाने विचारलं, "काका, कशावर सही करतोय मी?" "माझ्या सहीवर," काका म्हणाले. हे कायद्याला धरून इतकं अचूक उत्तर होतं की मी उठून त्यांचा हात हातात घेतला.

मजकुरात फ्लॅट होता, ठेवी होत्या, 'बाकी जे काही निघेल ते' होतं, आणि शेवटचा पूर्ण परिच्छेद काकूंच्या सासूबाईंच्या पितळी पुरणयंत्रावर होता. एका वर्षाआड होळीला ते कुणाकडे असायचं, जाळी हरवली तर कुणी आणायची, सगळं. लिफ्टमध्ये वकीलसाहेब भेटले. काकांनी त्यांना कागद दाखवला. त्यांनी तो वाचला, मान डोलावली आणि म्हणाले, "ठीक आहे काका, पण पुरणयंत्र ही जंगम मिळकत झाली. 'बाकी जे काही' यात ते येतंच. वेगळं लिहायची गरज नव्हती."

"वकीलसाहेब," कागदाची घडी घालत काका म्हणाले, "तुम्ही आमच्या सुना पाहिल्या नाहीत."