दवाखान्याचा काटाही तपासा



ज्वारीचे पोते मोजताना आपला डोळा काट्यावर असतो. सरकारी दवाखान्यात मात्र हात जोडून उभे! ‘औषध बाहेरून आणा’ म्हटले, की डाळजचा माणूस मुकाट चिठ्ठी घेऊन दुकानाकडे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी, उपचार मोफत आहेत. हा उपकार नव्हे. डिझेलवर, खतावर कर आपणच भरतो.

२००७ साली पुण्यासह पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकऱ्यांनी औषधांचा साठा पाहिला, दवाखान्याचे प्रगतिपुस्तक भरले, जनसुनावणीत अधिकाऱ्यांना समोर बसवून जाब विचारला. डॉक्टरशी भांडण नाही; रिकामी पदे आणि न आलेली औषधे हे त्याचेही दुखणे आहे. जाब वरच्यांना विचारायचा.

आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते. तिची बैठक कधी झाली, पैसा कशावर गेला? पुढच्या ग्रामसभेला विषय लेखी द्या, तोंडी नको. आणि समितीवर पुढाऱ्याचा पाहुणा कशाला? जी बाई तिथे बाळंत झाली, तिला बसवा.