आमच्या तळ्यांना 'मिनी स्वित्झर्लंड' म्हणू नका

हिरवा डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी पाणी दिसलं की आपल्याकडे कुणीतरी लगेच 'मिनी स्वित्झर्लंड' म्हणतंच. पावसाळ्यात गांगुलपाऱ्याच्या तलावावर काढलेल्या फोटोंखाली हे शब्द मी इतक्यांदा वाचले आहेत की आता राग येत नाही, कंटाळा येतो. आल्प्सकडून उसनं घ्यायचंच असेल तर नाव कशाला घ्यायचं? तिथली सायकलची रीत घ्यावी. बालाघाट-गोंदियाच्या या खोऱ्यात ती अगदी चपखल बसेल, असं माझं मत आहे.

माझी मावसबहीण म्युनिकला नोकरी करते. गेल्या उन्हाळ्यात ती एकटी सहा दिवस कॉन्स्टन्स सरोवराभोवती सायकलनं फिरली. तिथं जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया हे तीन देश एकाच पाण्याला लागून आहेत आणि काठाकाठानं जाणारा सायकलमार्ग सुमारे २७० किलोमीटरचा आहे. वाटेत लिंडाऊ हे बेटावरचं जुनं गाव, मेर्सबुर्गचा किल्ला आणि कॉन्स्टन्स शहर. याच शहरात १४१४ ते १४१८ अशी चार वर्षं धर्मपरिषद भरली होती. एकाच वेळी तिघे जण स्वतःला पोप म्हणवत होते, तो घोळ परिषदेनं १४१७ मध्ये पाचवे मार्टिन यांना निवडून मिटवला. (त्याच परिषदेनं यान हुसला दोषी ठरवलं आणि १४१५ मध्ये त्याला जिवंत जाळलं, हे आपण कॅथलिकांनी विसरायचं नाही.)

ताईला विचारलं, "सगळ्यात जास्त काय आवडलं?" मला वाटलं, डोंगर म्हणेल. ती म्हणाली, "कुणी काही विचारलं नाही गं." एकटी का, कुठे चाललीस, घरचे कुठे आहेत, काही नाही. फाट्याफाट्यावर सायकलचं चिन्ह असलेली पाटी, दमलं तर सायकलसकट चढता येईल अशी लोकल गाडी, आणि एका देशातून दुसऱ्या देशात कधी गेलो ते कळलंही नाही.

आता आपल्याकडे या. बालाघाटहून किरनापूरमार्गे लांजी साठेक किलोमीटर. लांजीला किल्ला आहे, कोटेश्वराचं जुनं मंदिर आहे. तिथून महाराष्ट्रात उतरलं की सालेकसा आणि पुढे कचारगडच्या गुहा, जिथं माघ पौर्णिमेला गोंड समाज ठिकठिकाणाहून येतो. मग आमगाव, देवरी, कोहमारा, नवेगाव बांध. शेवटी इटियाडोहचं धरण आणि त्याच्या बाजूला गोठणगावजवळची तिबेटी वसाहत, १९७२ पासूनची. आल्प्स नसले म्हणून काय झालं, हिमालयातली माणसं धानाच्या मुलखात येऊन राहिली आहेत, आणि हे आपल्यातल्या निम्म्यांना ठाऊकच नसतं.

या सगळ्यात मला सर्वांत मोठं वाटतं ते नवेगावचं तळं. आल्प्समधली बरीच सरोवरं हिमनद्यांनी कोरली. आपली तळी माणसांनी बांधली. गोंड राजवटीत जो तलाव बांधील त्याला जमीन इनाम मिळायची, आणि कोहळी समाजाच्या लोकांनी या कामात पिढ्या घालवल्या. नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी घातला असं सांगतात. भोवतीच्या सात टेकड्यांना लोक 'सात बहिणी' म्हणतात, आणि पाटील स्वतः पुढे कोलासूर देव झाले. धरण बांधणाऱ्या इंजिनिअरचा देव झालेला मी दुसरीकडे कुठे ऐकला नाही! मारुती चितमपल्ली याच तळ्याकाठी वनाधिकारी म्हणून राहिले आणि इथल्या पाखरांमुळे मराठीला किती नवे शब्द मिळाले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी ते गेले. आपण त्यांच्यावर टिपणं लिहितो, परीक्षेत मार्क मिळवतो. नवेगावला जाऊन आलेले आपल्या मंडळात किती आहेत, हात वर करा बघू.

आणि हे तळं एकटं नाही. भंडारा-गोंदियात अशी तळी आणि लहान बोड्या हजारोंनी आहेत. पाळीवरून चालत गेलं की एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला धानाच्या बांध्या. चारचाकीतून यातलं काही दिसत नाही. गाडी 'पॉइंट'वर थांबते, सेल्फी होतो, गाडी निघते. पायी गेलं तर एका दिवसात एकच तळं होतं. सायकलनं चार होतात, आणि शिंगाडे काढणाऱ्या ढिवराशी दोन शब्द बोलायला वेळही उरतो. सारसाची जोडी दिसली तर इंजिन बंद करायची भानगड नाही. महाराष्ट्रातले जवळजवळ सगळे सारस आता गोंदिया जिल्ह्यातच उरले आहेत आणि ते आपल्या बालाघाटच्या शेतांतही उतरतात. त्यांना कुठे सीमा माहीत आहे!

सीमा माहीत आहे ती आपल्या खात्यांना. बालाघाट जिल्हा १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि शिवनीचे तुकडे जोडून तयार झाला. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, आपण मध्य प्रदेशात राहिलो. मामा तिकडे, काका इकडे, घरात निम्मं मराठी निम्मं हिंदी. त्याबद्दल माझी तक्रार नाही, त्यानं आपली भाषा मजेदार झाली. पण पर्यटनाचे नकाशे बघा. मध्य प्रदेशाच्या नकाशात आपल्या जिल्ह्यात कान्हाचं मुक्की गेट ठळक असतं, आणि बाघ नदीपाशी कागद कोरा होतो. महाराष्ट्राच्या नकाशात नवेगाव-नागझिरा असतं, आणि त्याच नदीपाशी कागद पुन्हा कोरा. तीन देशांना एका तळ्याभोवती सारख्या पाट्या लावता येतात, आणि रजेगावच्या पुलाच्या दोन टोकांना बसलेल्या दोन राज्यांना एक नकाशा छापता येत नाही?

पाट्या लागतीलही एक दिवस. अडचण आपल्या डोक्यातली जास्त आहे. सायकल ही आपल्याकडे नाइलाजाची वस्तू आहे. सरकार दुसऱ्या गावच्या शाळेत जाणाऱ्या सहावी-नववीच्या मुलामुलींना फुकट सायकल देतं. चांगली योजना आहे, त्या सायकलमुळे कितीतरी मुली दहावीपर्यंत पोचल्या. पण शाळा संपली की तीच सायकल दुधाचे कॅन नाहीतर सरपणाच्या मोळ्या वाहते, आणि मुलगी घरी बसते किंवा भावाच्या मोटारसायकलवर मागे बसते. मागच्या हिवाळ्यात मी आणि माझा आतेभाऊ लांजीला सायकलनं जात होतो. टपरीवर चहाला थांबलो तर टपरीवाले काका काळजीनं म्हणाले, "काहून वो बाई, बस नाही भेटली का?" फिरायला निघालोय म्हटलं तर त्यांना ते पटेचना. भावाला बाजूला घेऊन विचारलं, घरी भांडण वगैरे झालं का. माणूस फार चांगला, चहाचे पैसे घेतले नाहीत. पण मुलगी आपल्या मर्जीनं, काही काम नसताना, सायकलवर साठ किलोमीटर जाते हे त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं.

आधी रस्ते चांगले होऊ द्या, मग बघू, असं घरची मोठी माणसं म्हणतात. त्यांची भीती खोटी नाही. भरवेलीच्या बाजूला मँगनीजचे ट्रक असतात. देवरी ते कोहमारा हा नागपूर-रायपूर महामार्गाचा तुकडा आहे, तो पहाटेच उरकावा लागेल. पुढे वाघाचं रान आहे, अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायलाच हवा. लांजी-बैहर म्हटलं की बाहेरच्यांना अजूनही नक्षलवादच आठवतो. पण या भागातले मजूर, मास्तर, दूधवाले रोज याच रस्त्यांवर सायकल मारतात. त्यांच्यासाठी रस्ते सुधारा अशी मागणी आपण कधी केली? आपण स्वतः त्या रस्त्यावर आलो तर निदान ती मागणी करायला तोंड राहील.

मला खरी भीती वेगळीच वाटते. उद्या कुणी इथं पर्यटन आणलंच तर ते रिसॉर्टच्या रूपानं येईल. पाळीवर कुंपण पडेल, बोटिंगचा ठेका निघेल, ढिवराला मासे धरायला परवाना मागतील. मालगुजारी १९५० च्या कायद्यानं गेली, तेव्हा तळीही गावाच्या हातून सुटून सरकारी खात्याकडे गेली. पुढे गाळ साचला, काठानं बेशरम वाढली, आणि 'तळं कुणाचं' या प्रश्नाला उत्तरच उरलं नाही. सायकलवाल्याला रिसॉर्ट लागत नाही. त्याला कुणाच्या तरी घरची एक स्वच्छ खोली, चिन्नोरचा गरम भात आणि हवा भरायचा पंप एवढं पुरतं. पैसा गावात राहतो. तळं साफ असावं असं वाटणारी माणसं त्यानं वाढतील, असा माझा अंदाज आहे.

म्हणून या नाताळच्या सुट्टीत मंडळाची सहल बस भाड्यानं घेऊन पचमढीला न नेता सायकलनं काढावी असं मी सुचवते. २६ डिसेंबरला सकाळी बालाघाटहून निघायचं. मुक्काम लांजी, सालेकसा, देवरी, नवेगाव बांध. ३० तारखेला इटियाडोह बघून अर्जुनीहून गाडीनं गोंदिया, म्हणजे ३१ च्या रात्रीच्या मिस्सेला सगळे आपापल्या घरी. रेल्वेत सायकल ब्रेकव्हॅनमध्ये टाकायला आधी बुकिंग करावं लागतं, त्याची चौकशी दोघांनी अगोदर जाऊन करायची. गिअरची सायकल नको, शाळेत मिळालेली असली तरी चालेल. फक्त ब्रेक आणि चेन नीट करून आणा. मुलींची नावं माझ्याकडे द्या, घरी समजवायला मी आणि आई येऊ. पंक्चरचं सामान माझ्याकडे आहे.