एअरबॅगचा न विझणारा दिवा

भिवंडीतील व्यापाऱ्याच्या मोटारीत पुढच्या आसनाखाली कापडाच्या नमुन्यांचे गठ्ठे असणे नवे नाही. अनेक मोटारींत तेथेच एअरबॅग यंत्रणेच्या पिवळ्या जोडण्या असतात. गठ्ठा ओढताना एखादी सैल झाली, की समोरील एअरबॅगचा दिवा विझत नाही.

मोटार सुरू करताना हा दिवा काही क्षण लागतो. ती यंत्रणेची स्वतःची तपासणी होय. तो लागलेलाच राहिला, तर अपघातसमयी एअरबॅग उघडेलच याची शाश्वती नसते. क्षीण बॅटरी, स्टीअरिंगमधील तुटलेली तार किंवा आत शिरलेले पावसाचे पाणी हीही कारणे संभवतात. आसनाखालील जागा मोकळी ठेवावी, मात्र पिवळ्या तारांना स्वतः हात लावू नये. अधिकृत केंद्रात स्कॅनरने दोष शोधून दुरुस्त करवावा. दोष तसाच ठेवून दिवा घालविणे म्हणजे तूट न भरता खातेवहीतील नोंद खोडणे होय.

शिवाय एअरबॅग ही सीटबेल्टला पूरक आहे, पर्याय नव्हे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यातील अपघातात सायरस मिस्त्री यांचा अंत झाला, तेव्हा मागे बसलेल्यांनी सीटबेल्ट लावलेले नव्हते.

चालण्या-बोलण्यातील यतना वाहन चालवितानाही पाळली जावी. कुटुंब त्याच मोटारीतून प्रवास करते.